चार ओळी, दहा मिनिटं

हारगे अण्णांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली आणि हात मागं बांधून उभे राहिले. जेवणाची सुट्टी नुकतीच लागली होती. मी डब्याचं झाकण काढत होते.

"मालनबाई, वाचा जरा."

"सकाळीच वाचली, अण्णा. गेटबाहेर मलापण मिळाली."

चारच ओळी होत्या. 'सॉर्टिंगच्या बायका चौदा वर्षं हंगामी. औंदाच्या कराराला आपलं माणूस बोलणीला बसू दे. अध्यक्षपदासाठी जरीना मुजावर यांनाच मत द्या. मतदान मंगळवारी.' अक्षर जरीनाच्या लेकीचं, निळ्या स्केचपेननं काढलेलं, गोल गोल. अशा दोनशे चिठ्ठ्या त्या पोरीनं बसून लिहिल्या होत्या.

"वाचलीत ना? आता उलटी करा."

मी उलटी केली. मागं खोकल्याच्या औषधाचं लेबल छापलेलं होतं. लाल रंग सरकलेला, त्यामुळं अक्षरं दुहेरी दिसत होती. आणि कोपऱ्यात पेन्सिलीचा बारका गोल. खराब शीट बाजूला काढताना प्रत्येक बाई त्यावर आपली खूण करायची. जरीनाची फुली, माझा गोल.

"कंपनीचा कागद," अण्णा म्हणाले. "माझी तक्रार न्हाई हो. लेखी तर मुळीच न्हाई. नियम तुमचा, निवडणूक अधिकारी तुम्ही. मी आपलं दाखवलं." मग डब्याकडं बघून "जेवा, जेवा" म्हणाले आणि निघून गेले.

मी कसली जेवतेय. डब्याला झाकण लावलं आणि ती चिठ्ठी हातात धरून बसून राहिले.

एकोणीसशे त्र्याण्णव सालची ही गोष्ट. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना लेबलं आणि पुठ्ठ्याची खोकी छापायचा. संघटनेचे सभासद दोनशे बारा, त्यातल्या त्रेसष्ट आम्ही सॉर्टिंगच्या बायका. छापून आलेली शीटं आठ तास उभ्यानं तपासायची आणि खराब निघतील ती काढायची. सगळ्याच्या सगळ्या हंगामी. दर सहा महिन्यांनी चार दिवस घरी बसवायचे, पाचव्या दिवशी नवं हजेरीकार्ड हातात द्यायचे, की आम्ही पुन्हा नव्यानं लागलेल्या. कायम झालेल्या पुरुषाला रजा, दवाखाना, म्हातारपणाची सोय. आम्हाला काही नाही. तीन वर्षांतून एकदा कंपनीशी करार व्हायचा आणि त्या बोलणीला अध्यक्ष बसायचा. अध्यक्ष अठरा वर्षं एकच, हारगे अण्णा. ते केबिनमधून बाहेर यायचे आणि सांगायचे, "बायकांचा विषय काढला होता. साहेब म्हणाले, पुढच्या खेपेला बघू."

अण्णा वाईट होते असं मी म्हणणार नाही. कुणाकडं मयत झाली तर सगळ्यात आधी त्यांची सायकल दारात. माझ्या नवऱ्याला लकवा मारला तेव्हा माझ्या भावाच्या आधी अण्णा दवाखान्यात हजर होते. पण निवडणूक आली की माणूस बदलायचा. मागच्या खेपेला कंपनीचा टेम्पो त्यांची माणसं आणायला फिरत होता, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये जिलेबी. साहेबांना अण्णाच हवे होते, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणून सर्वसाधारण सभेत मी उठले आणि आकांडतांडव केलं. प्रचाराला कंपनीची वस्तू नको, कंपनीची जागा नको, कंपनीची वेळ नको. ज्यानं मोडलं त्याची उमेदवारी रद्द, आणि पुढची तीन वर्षं त्यानं उभं राहायचं नाही. मशीनवरचे काहीजण म्हणाले, एकदम रद्द कशाला, समज द्यावी. मी म्हटलं, समज देणं म्हणजे गालावरून हात फिरवणं. रद्द म्हणजे रद्द. नियम मंजूर झाला. मग कुणीतरी मागून ओरडलं, एवढं कळतंय तर तूच हो की अधिकारी. झालं, ते लोढणं माझ्याच गळ्यात आलं. दोन्ही उमेदवारांनी नियमाच्या कागदाखाली सह्या केल्या. अण्णांनी ऐटीत, जरीनानं जपून.

आता ह्या खराब शीटांचं सांगायला पाहिजे, नाहीतर जरीना बावळट होती असं तुम्हाला वाटेल. ती शीटं एका बाजूनं कोरी असायची. आमच्या घराघरांत तोच कागद. पोरांच्या वह्यांची कव्हरं त्याची, फडताळात अंथरायला तोच, लग्नाची यादी त्यावर, परीक्षेचं कच्चं गणित त्यावर. वॉचमनला पिशवीत शाईचा डबा दिसला तर तो पिशवी उलटी करायचा, पण कागदाच्या गुंडाळीकडं ढुंकून बघायचा नाही. त्याच्याच पोरांच्या वह्या त्यावर चालायच्या. कागद दुकानातून विकत आणायचा असतो, हे आमच्या पोरांना कॉलेजात गेल्यावर कळलं.

त्यामुळंच सकाळी गेटबाहेर ती चिठ्ठी मी वाचली, घडी घातली आणि पिशवीत टाकली. दिवसाला हजारो शीटं नजरेखालून घालणारी मी, आणि माझीच खूण मला दिसली नाही. दोनशे माणसांनी वाचली, कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आणि ती गुंडाळी जरीनाच्या लेकीला दिवाळीत मीच दिली होती, दहावीच्या अभ्यासाला म्हणून.

जरीना पाण्याच्या टाकीपाशी डबा विसळत होती. चौदा वर्षं आम्ही एका टेबलाला समोरासमोर उभ्या. बोलणं कमी, काम चोख. उभं राहायला ती तयारच नव्हती. बायकांनी महिनाभर तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठं हो म्हणाली.

"जरीना, चिठ्ठ्या कशावर लिहिल्यास?"

"कागदावर."

"कसल्या कागदावर?"

"कसल्या म्हणजे? घरात होता त्या." ती हसली, मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. मी चिठ्ठी उलटी करून पुढं धरली. सवयीनं तिची नजर आधी सरकलेल्या लाल रंगावर गेली. मग तिला कळलं.

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. "अगं, रद्दी हाय ही."

"कंपनीची रद्दी."

"उंदरांनी खाल्ली असती, मालन. पोरीनं बोटं दुखेस्तोवर लिहिलंय."

"मला माहिताय."

"मग?"

"नियमात सूट न्हाई. आपण ठेवलीच न्हाई."

"आपण न्हाई. तू ठेवली न्हाईस." तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसले. "म्हणजे मला रद्द करणार."

"करावं लागंल."

"मग अण्णा एकटेच उरले. म्हणजे बायकांचं पुन्हा पुढच्या खेपेला."

मीही त्या त्रेसष्टातलीच होते. मला ते तिनं वेगळं सांगायची गरज नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "एक सांग मला. गेल्या बुधवारी चहाच्या सुट्टीत अण्णा वजनकाट्यावर चढून भाषण करत होते. भोंगा झाला तरी बोलतच होते. मशिनी दहा मिनिटं उशिरा सुरू झाल्या. सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता, पण गप. तेवढ्यात तू आलीस. काय म्हणालीस त्यांना?"

मी चिठ्ठीची घडी घालायला लागले.

"मी तिथंच होते. तू म्हणालीस, 'अण्णा, आटपा आता, मशिनी उभ्या आहेत.' ते हसले आणि खाली उतरले. तूपण हसलीस." ती अजूनही आवाज चढवत नव्हती. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "काटा कुणाचा? ती दहा मिनिटं कुणाची? मालन, तू मला रद्द कर. मी सही केलीय, मी रडणार न्हाई. पण मला कुणी आटपा म्हणालं न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

ती गेली. मी टाकीपाशी उभीच.

दुपारभर माझ्या हातून शीटं जात होती आणि मला काही दिसत नव्हतं. दोनदा सुपरवायझरनं येऊन खराब शीट माझ्यापुढं धरलं. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मान खाली घातली.

मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. बुधवारी मी अण्णांना घाबरले असते तर निदान मला कळलं तरी असतं, की आपण घाबरलो. पण मी घाबरले नव्हते. एका माणसाला मी नियम मोडताना बघितलं, आणि मला तो नियम मोडताना दिसलाच नाही. मला दिसले अण्णा. वडीलधारे, जरा जास्त बोलणारे. ज्याला गालावरून हात फिरवणं म्हणाले होते, तेच मी करून आले होते, आणि वर काम चोख केल्याच्या समाधानात होते. जरीना माझी मैत्रीण, म्हणून तिच्या बाबतीत मात्र मला लोक काय म्हणतील याची धास्ती. मैत्रिणीला सोडलं म्हणतील. ती धास्ती मी प्रामाणिकपणा समजून बसले होते.

घरी जाऊन नियमाचा कागद काढला आणि चार वेळा वाचला. चिठ्ठी फाडून टाकता आली असती. अण्णांनी लेखी दिलंच नव्हतं. पण ती फाडली असती, तर सोमवारी टेम्पो आला असता, जिलेबी आली असती, आणि मला तोंड उघडायची सोय राहिली नसती. अण्णांनी लेखी का दिलं नाही, ते मला तेव्हा उमगलं. एकट्या जरीनाला काढणं तर अण्णांना पेढा भरवल्यासारखंच होतं. उरलं एकच. ते करावंसं मला मुळीच वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी आधी अण्णांकडं गेले. टाइम ऑफिसबाहेरच्या बाकावर ते विडा लावत बसले होते.

"अण्णा, आज साडेतीनला पाळी सुटल्यावर गेटबाहेर सभा घेतेय. जरीनाची उमेदवारी रद्द करणार आहे."

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण नियम म्हटल्यावर काय."

"आणि तुमचीपण."

विडा लावणारा हात थांबला.

"बुधवारचं भाषण. वजनकाटा कंपनीचा, वेळ कंपनीची."

"मालनबाई, दहा मिनिटं हो ती."

"तिच्या चार ओळी आहेत, अण्णा."

"तुम्ही तिथं होतात. तुम्हीच हसलात."

"हसले. माझं चुकलं. तेही सभेत सांगणार आहे."

त्यांनी चुन्याची डबी बंद केली. मग म्हणाले, "तुमचे मालक दवाखान्यात होते तेव्हा..." आणि तिथंच थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. विडा तोंडात टाकला आणि दुसरीकडं बघायला लागले. त्या एका गोष्टीसाठी मी अण्णांना आजही मानते.

साडेतीनला गेटबाहेर गुलमोहराखाली सगळे जमले. जरीना बायकांच्या घोळक्यात मागं उभी. मला तिचा फक्त डोक्यावरचा पदर दिसत होता. आवाज माझा नेहमीचाच होता, तोवर तो काही कधी मला सोडून गेला नव्हता. मी चिठ्ठी सगळ्यांना दोन्ही बाजूंनी दाखवली. त्यावरची खूण माझी आहे, गुंडाळी मी दिली होती आणि वाचूनही मला कळलं नाही, हे सांगितलं. मग बुधवारचं सांगितलं. मी तिथं होते, नियम मोडलेला बघितला आणि 'आटपा' म्हणून परत आले, हेही सांगितलं. जरीना मुजावर, उमेदवारी रद्द. यशवंत हारगे, उमेदवारी रद्द.

क्षणभर कुणाला काही समजेना. मग मशीनवाल्यांतला एकजण म्हणाला, "मग मत कुणाला द्यायचं? झाडाला?"

"पंधरा दिवसांत नवीन अर्ज घेणार. ह्या दोघांचे सोडून."

गलका उसळला. पुरुष ओरडत होते ते मला चाललं असतं. पण बायका ओरडत नव्हत्या. त्या माझ्याकडं नुसत्या बघत होत्या, आणि एकेक करून निघून जात होत्या. सायत्राबाई म्हणून आमच्यातली सगळ्यात थोरली, तिचं निवृत्तीचं वय जवळ आलेलं. ती माझ्यापाशी आली.

"दोघांना दम देऊन सोडलं असतंस, तर कुणाचं काय बिघडलं असतं गं?" तिनं विचारलं.

मी उत्तर दिलं, नियमाचं, टेम्पोचं, जिलेबीचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं बरोबर आसंल बाई. मी आपली कायम व्हायची वाट बघत होते."

पंधरा दिवसांत बायकांमधून एकही अर्ज आला नाही. ज्या एकीला मोठ्या मुश्किलीनं तयार केलं होतं ती अशी गेली, आता दुसरी कोण पुढं होणार? अण्णांचा भाचा रावसाहेब बिनविरोध अध्यक्ष झाला. करार झाला. रावसाहेब केबिनमधून बाहेर आला आणि मामाचंच वाक्य बोलला, पुढच्या खेपेला. त्या तीन वर्षांत आमच्यातल्या चौघी वयामुळं घरी गेल्या, हंगामीच गेल्या. त्यात सायत्राबाई होती. तिला निरोपाचा नारळ दिला तो मीच, कारण बाकीच्यांनी तो माझ्याच हातात दिला. मुद्दाम दिला होता. मी तो निमूट दिला.

आणि जरीना माझ्याशी बोलली नाही. तीन वर्षं एका टेबलाला समोरासमोर उभ्या राहून नाही बोलली. शीटं माझ्याकडं सरकवायची, मी सरकवलेली घ्यायची. माझा नवरा गेला तेव्हा घरी आली, माझ्या शेजारी तासभर बसली, भाकरी-पिठलं ठेवून गेली, आणि तेव्हाही बोलली नाही. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. ती माझ्या अंगावरून पलीकडं बघायची. तिसऱ्यांदा मी धजले नाही. मला तिची आठवण यायची, समोर उभ्या असलेल्या माणसाची आठवण यायची, आता बोला. बरोबर वागल्याचं समाधान मिळतं म्हणतात. मला तरी त्या तीन वर्षांत ते एक दिवसही मिळालं नाही.

तीन वर्षं संपली आणि पुन्हा सर्वसाधारण सभा आली. शाळेच्या मैदानावर सतरंज्या अंथरल्या होत्या. आता दोघांनाही उभं राहायला मोकळीक होती. अण्णा उभे राहणार हे ठरलेलंच होतं. जरीनाही राहणार अशी कुजबुज होती. त्या निवडणुकीत ती सतरा मतांनी निवडून आली, आणि वर्षभरात आम्ही उरलेल्या एकोणसाठ बायका कायम झालो, पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी रावसाहेबानं विचारलं, "निवडणूक अधिकारी कोण होणार?" सगळे जमिनीकडं बघायला लागले. मागच्या खेपेला अधिकाऱ्याची काय गत झाली, ते सगळ्यांनी बघितलं होतं. मी तर शेवटच्या रांगेत, मैदानाच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी बसले होते.

जरीना उठली.

"मालन ऐवळे," ती म्हणाली.

सभेत हसू पसरलं. रावसाहेबालाही हसू आवरेना. "अहो मुजावरबाई, त्यांनी तर तुम्हाला बाद केलं होतं."

"व्हय. मी तिची मैत्रीण असून केलं."

"मग? परत त्याच?"

"मला सोडलं न्हाई तिनं. अण्णांनाबी सोडलं न्हाई. आणि सोताचं चुकलं ते आपणहून सांगितलं. दुसरं कुणी असलं तर नाव सांगा, मी मागं घेते."

कुणी नाव सांगितलं नाही. मग पुढच्या रांगेतून हारगे अण्णा गुडघ्यावर हात टेकवून सावकाश उठले. वय दिसायला लागलं होतं त्यांचं.

"अनुमोदन," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

रावसाहेबानं लिहून घेतलं. सूचक जरीना मुजावर, अनुमोदक यशवंत हारगे. मला पुढं बोलावलं, नियमाचा कागद हातात दिला आणि सगळ्यांना वाचून दाखवायला सांगितलं. मी उभी राहिले. पहिला नियम दिसत होता, पण अक्षरं एकमेकांत मिसळत होती. डोळे भरून आले होते आणि लोकांसमोर पुसायचीही चोरी. मी कसंबसं पुटपुटत वाचायला लागले.

जरीना समोरच बसली होती. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"मोठ्यानं वाच, मालन," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत न्हाई."